आम्ही तोरण्यास का पोचलो नाही

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जनवाडा येथे भरलेल्या सभेत केलेले भाषण)



अशा समारंभात शिक्षकाने काय बोलावे, याचा एक रिवाज पडून गेला आहे. न्यासाने किती मुलांची फी भरली, किती वह्या वाटल्या, हे सांगावे आणि आभार मानून खाली बसावे. ते काम चिटणिसांच्या अहवालाने आमच्याहून चांगले केले आहे. आम्ही आज एका राहून गेलेल्या हिशेबाविषयी बोलणार आहोत. हिशेब पैशांचा नाही. पैशांची पावती आम्ही तेव्हाच दिली होती.

२०१९ साली दसऱ्याच्या सुटीत न्यासाच्या खर्चाने आमच्या शाळेची चौदा मुले राजगड ते तोरणा ही डोंगरवाट चालण्यास गेली होती. निघताना आपण आमच्या हाती एक कापडी फलक दिला होता. त्यावर न्यासाचे नाव आणि गावाचे नाव ठळक अक्षरांत रंगवलेले होते. तो तोरण्याच्या माथ्यावर उभारावा, मुलांसह त्याचे छायाचित्र काढावे आणि ते वार्षिक अहवालात छापावे, असे ठरले होते. ते छायाचित्र त्या वर्षीच्या अहवालात आले नाही. आज निघालेल्या या स्मरणिकेतही ते नाही. कोणी विचारले तर "पाऊस लागला" एवढेच आम्ही सांगत आलो. ते खोटे नव्हते, पण पुरेही नव्हते. पुरे उत्तर आज देतो.

आपला मुलूख पठाराचा. बिदरचे पठार समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच आहे खरे. पण ती उंची आपल्याला कधी जाणवत नाही, कारण आपण तिच्यावरच राहतो. तांबडी जांभ्याची माती, काळी रानं, तूर, सोयाबीन, ऊस आणि खाली मांजरेचे पात्र. आमच्या मुलांनी पाहिलेली सर्वांत उंच जागा म्हणजे बिदरच्या किल्ल्याचा बुरूज. शिवाजीमहाराजांचे गड त्यांनी पुस्तकात वाचलेले, डोंगर चित्रात पाहिलेला. तेव्हा मुलांना एकदा खरा सह्याद्री पायांखालून घालावा, ही आमची पुष्कळ दिवसांची इच्छा होती. आपण ती उचलून धरलीत. मुलांत मराठी बोलणारी होती, कन्नड बोलणारी होती, घरी उर्दू बोलणारीही होती. निघण्याच्या रात्री बसपाशी एका मुलाची आई आली आणि म्हणाली, "सर, पोरगं तुमच्या ओटीत टाकलंय." तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी वारला होता. मुलाचे शिक्षण न्यासाच्या मदतीने चालले होते. तो कसा वारला हे आम्हांस ठाऊक होते. तरीही प्रवासाच्या धांदलीत त्याची आठवण ठेवली नाही, हे आधीच कबूल करतो.

आता वाटेविषयी थोडे सांगितले पाहिजे. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले पुणे जिल्ह्यात, वेल्हे गावाच्या परिसरात आहेत. तोरणा महाराजांनी कोवळ्या वयात घेतला. राजगड ही रायगडापूर्वीची त्यांची राजधानी. तोरण्याची उंची सुमारे ४६०० फूट असून त्याला प्रचंडगड असेही नाव आहे, ते खालून पाहिले म्हणजे पटते. या दोन गडांना एक लांब डोंगरधार जोडते. राजगडाच्या संजीवनी माचीवरील अळू दरवाजातून बाहेर पडावे, धारेने पश्चिमेकडे चालत राहावे, मध्ये खिंडीत वेल्ह्याकडून येणारा रस्ता आडवा लागतो तो ओलांडावा आणि पुन्हा चढून तोरण्याच्या बुधला माचीवर निघावे, अशी ही दिवसभराची वाट. शेवटच्या चढावर कातळाला लोखंडी शिडी लावलेली आहे. धारेवर दोन्ही बाजूंना दऱ्या, आडोसा असा नाही. चालणाऱ्याला वाऱ्याचे सुख मिळते ते त्यामुळेच, आणि धोका असतो तोही त्यामुळेच.

आमच्याबरोबर आम्ही दोघे शिक्षक, एका विद्यार्थ्याचे वडील आणि वाट दाखवण्यासाठी पायथ्याच्या गावातील एक वयस्क गृहस्थ होते. मुले त्यांना मामा म्हणू लागली. आदल्या रात्री मामांनी आम्हांस एकच गोष्ट सांगितली होती. "गुरुजी, ह्ये दिवस परतीच्या पावसाचं. सकाळ कोरी असती, दुपारी आभाळ भरतं. आठाच्या आत माची सोडायची." हवामानखात्याचा अंदाजही आम्ही फोनवर पाहिला होता. दुपारनंतर मेघगर्जनेसह पाऊस, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. म्हणजे अडाण्याचे अनुभवाचे ज्ञान आणि सरकारी शास्त्राचे ज्ञान, दोन्ही एकच सांगत होती. आम्ही दोन्ही ऐकली, मान डोलावली आणि सकाळी उशिरा निघालो.

हे कसे झाले ते सांगतो, कारण मुख्य चूक इथेच आहे. पहाटे साडेचारला निघावयाचे, ते सहा वाजले. कोणाची चप्पल तुटली होती, कोणाचा चहा राहिला होता. गड चढून गेल्यावर आम्हांस इतिहास शिकवण्याचा मोह झाला. सदर दाखवली, तळे दाखवले, बालेकिल्ला चढून आलो. प्रत्येक ठिकाणी फलक उलगडून छायाचित्रे काढली. आकाश असे निळे होते की त्यावर शंका घेणे हा त्याचा अपमान वाटावा. अळू दरवाजातून आम्ही बाहेर पडलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. मामा काही बोलले नाहीत. फक्त पुढे होऊन त्यांनी पावले भराभर टाकायला सुरुवात केली. त्यांच्या त्या न बोलण्याचा अर्थ आम्ही तेव्हा ओळखावयास हवा होता. वादळ दुपारी आले. पण त्याच्या वाटेत जाऊन उभे राहण्याचे काम आम्ही सकाळीच करून ठेवले होते.

धारेवरची वाट सुरेख होती. कमरेइतके गवत, त्यात उरलीसुरली पिवळी सोनकी, खाली शेतांचे चौकोन. मुले गात होती. बाराच्या सुमारास पूर्वेकडे पुण्याच्या अंगाला एक पांढरा ढग दिसला. कापसाच्या गठ्ठ्यासारखा तो आधी रुंद होता; मग तो उंच होऊ लागला. अर्ध्या तासाने त्याचा माथा वर जाऊन लोहाराच्या ऐरणीसारखा पसरला आणि तळ काळानिळा झाला. विज्ञानाचे शिक्षक म्हणून हा ढग आम्ही फळ्यावर कित्येकदा काढला आहे. त्याची उंची बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत जाते, हेही सांगितले आहे. पण फळ्यावर काढलेला ढग आपल्याकडे चालत येत नाही. हा येत होता.

सव्वा वाजता आम्ही खिंडीत उतरलो आणि त्याच वेळी पहिली वीज दिसली. आम्ही मुलांना मोजायला लावले. वीज दिसताच एक, दोन, तीन असे सेकंद मोजावयाचे आणि गडगडाट ऐकू येताच थांबावयाचे. उजेड तत्काळ पोचतो. आवाजाला एक किलोमीटर यावयास सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणून मोजलेल्या सेकंदांना तिनाने भागले की वीज किती किलोमीटर दूर पडली ते कळते. चोवीस भरले. म्हणजे आठ किलोमीटर.

खिंडीत उभे राहून आमची सभाच भरली म्हणा ना. आमचे सहकारी शिक्षक म्हणाले, "अजून आठ किलोमीटर दूर आहे, आणि ढग बाजूने निघूनही जाईल. दोन तासांत आपण वर असू." त्यांचे म्हणणे वेडेपणाचे नव्हते; ढग पुष्कळदा बाजूने निघून जातात. मुले तर एकमुखाने "सर, पुढंच जाऊ" म्हणत होती. समोर तोरणा उन्हात उभा होता, बुधल्याचा सुळका बोटाने दाखवता येत होता. चारशे किलोमीटरवरून आलेली मुले. त्यांतील बहुतेकांना पुन्हा कोण इकडे आणणार? आणि आमच्या खांद्यावर गुंडाळलेला तो फलक होता. त्याला धरायला आम्ही अॅल्युमिनियमच्या नळीची काठी नेली होती. खरे सांगतो, मुलांच्या हट्टापेक्षा त्या फलकाचाच भार आमच्या मनावर अधिक होता. छायाचित्र न घेता परतलो तर मंडळी काय म्हणतील? मुलांना फिरवून आणले, काम मात्र केले नाही, असे म्हणतील.

त्या वेळी मामा एवढेच बोलले, "गुरुजी, वर जायाचं का खाली, ते हितंच ठरवा. शिडीवर गेल्यावर ठरवाया जागा न्हाई."

हे वाक्य आम्ही अजून विसरलो नाही. आम्ही हिशेब केला. आठ किलोमीटर यावयास अशा ढगाला अर्धा तास पुरतो. आम्हांस माथ्यावर जाण्यास दोन तास हवेत, आणि ते दोन तास उघड्या धारेवरचे, शेवटी लोखंडी शिडी. माथ्यावर पोचणे म्हणजे सुटणेही नव्हे, कारण उतरायची वाटही उघड्यावरचीच. ढग बाजूने गेला तर आमची फजिती होईल एवढेच. न गेला तर चौदा घरांत काय होईल? एका बाजूला हसू आणि दुसऱ्या बाजूला रडू, असा तराजू असेल तर पारडे तोलून पाहावे लागत नाही. आम्ही म्हटले, "खाली." दोन मुले रडली. एक आमच्याशी दिवसभर बोलला नाही. अॅल्युमिनियमची नळी आम्ही तिथेच खिंडीत दगडाआड ठेवून दिली.

रस्त्याने वेल्ह्याच्या बाजूस उतरू लागलो. मामांच्या ओळखीची एक वस्ती अर्ध्या तासावर होती. मुलांना आम्ही एकमेकांपासून दहा-पंधरा पावलांचे अंतर ठेवून चालवले, म्हणजे दुर्दैवाने काही झालेच तर सगळे एकदम पडणार नाहीत आणि उठवायला कोणीतरी उरेल. हे कारण मुलांना सांगितले नाही. मोजणे चालूच होते. पंधरा भरले, मग नऊ. वारा एकाएकी थंड झाला आणि टपोरे थेंब पडू लागले. वस्ती दहा मिनिटांवर असताना चार भरले. मग पाऊस असा कोसळला की पुढचा मुलगा दिसेना.

रस्त्याच्या कडेला एक मोठे आंब्याचे झाड होते. तीन मुले अंतर सोडून त्याखाली पळाली. पाऊस आला की झाड गाठावे, हे आपल्या हाडीमासी भिनलेले आहे. आम्ही मागून ओरडलो, पण गडगडाटात ते कोणास ऐकू जाणार? ज्या मुलाची आई बसपाशी आली होती तो मात्र रस्त्याच्या मधोमध थांबला. त्याचे मित्र त्याला हाका मारीत होते, तो हलेना. शेवटी ते तिघे त्याला ओढून नेण्यासाठी झाडाखालून बाहेर आले. तो जागचा हलला नाही आणि रडू लागला. तेवढ्यात आम्ही पोचलो आणि सर्वांना घेऊन पुढे निघालो.

त्या झाडावर वीज पडली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण गोष्ट रंगवायची असती तर आम्ही ती पाडली असती. खिंडीच्या वर, धारेवर मात्र आमच्या डोळ्यांदेखत दोनदा वीज उतरली. आम्ही पुढे गेलो असतो तर त्या वेळी बहुधा तिथेच असतो. वस्तीवर एका घरात त्या माउलीने आम्हा सर्वांना आत घेतले, चुलीवर चहाचे भगुणे चढवले. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास आम्ही कोणाला उंबऱ्याबाहेर जाऊ दिले नाही. संध्याकाळी आभाळ उघडले. धुतलेल्या उन्हात तोरणा इतका जवळ आणि इतका शांत दिसत होता की एक मुलगा म्हणाला, "सर, आता जायचं का?" तेव्हा सगळे हसले, न बोलणारासुद्धा हसला.

खरी गोष्ट यापुढची आहे.

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी जेवणे झाल्यावर तो मुलगा आमच्यापाशी येऊन बसला. त्याचे वडील तीन वर्षांपूर्वी मृगाच्या तोंडावर, पेरणीच्या दिवसांत, शेतातल्या चिंचेखाली पावसाला थांबले असताना वीज पडून गेले होते. बरोबर आणखी तिघे होते, त्यांतील एक गेला. मुलाने विचारले, "सर, हे आकडे मोजायचं, झाडाखाली थांबायचं नाही, हे आमच्या बाबाला कुणी सांगितलं नव्हतं का?"

बंधुभगिनींनो, त्याचे वडील आमच्याच शाळेत सातवीपर्यंत शिकले होते. त्याच खोलीत, त्याच फळ्यासमोर. धनभार, ऋणभार, वाहक, विसंवाहक हे सारे त्या फळ्यावर लिहिले गेले असणार. आम्ही स्वतः सतरा-अठरा वर्षे तेच लिहीत आलो होतो. परीक्षेत त्यावर प्रश्न येतो, मुले उत्तरे लिहितात, गुण मिळवतात. पण शेतात काम करताना आभाळ गरजू लागले तर काय करावे, हे त्या फळ्यावर आम्ही एकदाही लिहिले नव्हते. मुलाला आम्ही काय उत्तर देणार? "नाही बाळा, सांगितले नव्हते," असे म्हणालो. तो उठून झोपायला गेला. आम्हांस त्या रात्री झोप आली नाही.

वीज आपल्या मुलखाला अपरिचित आहे असे थोडेच आहे? आपल्या बिदरात महमूद गावानाचा मदरसा आहे. १४७२ साली बांधलेली ती विद्येची वास्तू. दोन मिनारांपैकी आज एकच उभा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिचा मोठा भाग कोसळला. कोणी सांगतात वीज पडली, कोणी सांगतात आत साठवलेली बंदुकीची दारू उडाली. खरे कारण इतिहासकारांनी ठरवावे. पण विजेचे भय आपल्या लोकांच्या आठवणीत किती जुने आहे, ते यावरून दिसते. आपल्याकडे तिला नावेही किती आहेत! मराठीत वीज, उर्दूत बिजली. कन्नडात तर लखलखाटाला मिंचु आणि अंगावर कोसळते तिला सिडिलु, असे दोन वेगळे शब्द आहेत. तीन भाषांत नावे आहेत, पण तिच्यापासून कसे वाचावे हे एकाही भाषेत आपण आपल्या माणसांना नीट सांगितलेले नाही.

आणि नुकसान काही थोडेथोडके नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात वीज पडून २,८८७ माणसे मेली. त्यांत डोंगर चढणारे हौशी लोक किती असणार? मरतात ते बहुतेक रानात काम करणारे, गुरे राखणारे, झाडाखाली थांबणारे. हौशी लोकही वाचत नाहीत हे खरे. ११ जुलै २०२१ रोजी जयपूरजवळ आमेर येथे किल्ल्यासमोरच्या टेहळणीच्या मनोऱ्यावर पावसात छायाचित्रे काढीत उभ्या असलेल्या लोकांवर वीज पडली आणि अकरा जण गेले. ती बातमी वाचली तेव्हा आम्हांस आमचा फलक आठवला आणि अंगावर काटा आला.

म्हणून या सभेचा थोडा वेळ घेऊन, जे फळ्यावर लिहावयाचे राहिले ते सांगतो.

ढगाच्या पोटात बर्फाचे कण आणि मऊ गारा एकमेकींवर आपटतात. त्यातून विजेचे भार वेगळे होतात आणि ढगाच्या तळाशी बहुधा ऋणभार साठतो. तो जमिनीकडे वाट शोधतो, आणि जमिनीवरून वर उठलेली वस्तू त्याला जवळची पडते. म्हणून डोंगराची धार वाईट, मोकळ्या रानातले एकटे झाड वाईट, आणि सपाट शेतात उभा असलेला माणूसही वाईट, कारण तिथे तोच सर्वांत उंच असतो. झाडावर पडलेली वीज खोडातून उतरताना बाजूच्या माणसावर उडी घेते. जमिनीत शिरली तरी ती भोवती पसरते. दोन पाय दूर असतील तर एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघते. गायीम्हशी झाडाखाली एकदम मरतात त्या यामुळेच. त्यांचे पुढचे आणि मागचे पाय दूर असतात.

तेव्हा गडगडाट कानी आला की रान सोडावे. तो ऐकू येतो याचाच अर्थ आपण विजेच्या टप्प्यात आहोत. मोजलेले सेकंद तिसाच्या आत आले तर क्षणभरही थांबू नये. पक्के घर गाठावे किंवा बंद टपाची मोटार गाठावी. चार खांबांवरचे पत्र्याचे छप्पर म्हणजे घर नव्हे. काहीच जवळ नसेल तर झाडापासून, विहिरीच्या पंपापासून, तारेच्या कुंपणापासून दूर, सखल जागी, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. त्याने पूर्ण रक्षण होते असे नाही, धोका कमी होतो इतकेच. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. आणि एक समजूत काढून टाका. वीज पडलेल्या माणसाला शिवले तर आपल्याला धक्का बसतो, असे पुष्कळांना वाटते. त्याच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. त्याचा श्वास आणि हृदय थांबले असेल तर त्याच क्षणी छातीवर दाब देऊन श्वास देत राहिल्याने अशी माणसे वाचलेली आहेत. त्याला शेणात किंवा मातीत पुरून ठेवण्यात जी मिनिटे जातात, तीच त्याच्या जिवाची मिनिटे असतात.

काही वडीलधारे म्हणतात, मास्तर, वीज ही वरच्याची इच्छा. तिथे माणसाचे काय चालते? आम्ही श्रद्धावान मनुष्य आहोत. कुराणशरिफातील तेराव्या सुऱ्याचे नावच 'रअद', म्हणजे मेघगर्जना, असे आहे. पण भरवसा ठेवण्यापूर्वी उंट खुंटीला बांधावा, ही शिकवणही आम्हांस त्याच घरातून मिळाली. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात विजेला वाट काढून देणारा लोखंडी दांडा शोधून काढला. त्याचा पतंगाचा प्रयोग १७५२ सालचा. आज मशिदीच्या मिनारावर आणि देवळाच्या कळसावर तोच दांडा बसवतात आणि तीच धातूची पट्टी जमिनीत उतरवतात. त्यामुळे कोणाची श्रद्धा कमी झाल्याचे आम्ही ऐकले नाही.

त्या सहलीनंतर आम्ही शाळेत एक गोष्ट सुरू केली आहे. दरवर्षी दोनदा, मृगापूर्वी आणि हस्तापूर्वी, शाळेच्या फाटकात संध्याकाळी रानातून परतणाऱ्या मंडळींना थांबवून हा पाठ सांगतो. मुले सेकंद मोजून दाखवतात, उकिडवे बसून दाखवतात. बायाबापड्या हसतात, पण ऐकतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' नावाचे अॅप आहे; आसपास वीज पडण्याचा संभव असेल तर ते सूचना देते. ज्यांच्या हाती तसा फोन आहे त्यांना मुलेच ते घालून देतात. पहिल्या वर्षी पाठ सांगायला तो मुलगा उभा राहिला नाही. दुसऱ्या वर्षी आपण होऊन उभा राहिला. त्याची आई फाटकाशी होती. ती शेवटपर्यंत थांबली आणि काही न बोलता गेली.

आपला फलक हरवलेला नाही. त्याच्या दर्शनी बाजूला न्यासाचे नाव जसेच्या तसे आहे. मागची बाजू कोरी होती. तिच्यावर मुलांनी हे नियम मराठीत, कन्नडात आणि उर्दूत लिहिले आहेत. पाठाच्या दिवशी तो आम्ही फाटकावर बांधतो. आपल्या परवानगीवाचून आपल्या फलकावर लिहिले, हा आमचा अपराध. त्याची क्षमा मागतो.

आणि आता मागणी. शिक्षक सभेत उभा राहिला आणि काही न मागता बसला, असे कधी झाले आहे काय? आमच्या मागण्या दोन आहेत. आपल्या शाळेवर आणि न्यासाच्या या सभागृहावर वीजनिवारक बसवावा. पावसात शेजारच्या रानातली मंडळी इथेच धावत येतात. दुसरे, मृगापासून हस्तापर्यंत सभागृहाचे कुलूप दिवसा उघडे असावे. पहिलीला पैसे लागतील, दुसरीला फक्त एक किल्ली लागेल.

तोरणा अजून तिथेच आहे. पुढे कधी मुलांना नेऊ तेव्हा पहाटे साडेचारला निघू. आणि खिंडीतून परत यावे लागले, तर हा हिशेब द्यायला असा उशीर लावणार नाही.